दुपारनंतरचे अकरा जोड

आमच्या नणंदबाईंना गोड बोलता येत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाची निराशा नको. सोळा वर्षं आम्ही एका घरात राहतोय. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्या हातच्या जेवणाचं एकदाच कौतुक केलं, तेही "आज मीठ कळतंय" एवढंच. मी तेवढ्यावर आठवडाभर खूश होते. काय करणार, दगडातून पाणी काढायची सवय लागते माणसाला.

ताई म्हणजे आमच्या ह्यांच्या थोरल्या बहीण. नवरा गेल्यावर एक पत्र्याची पेटी आणि एक हातभर लोखंडी सळई घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. सळई बघून मला वाटलं, बाई भांडणाच्या तयारीनेच आली. पण सळई त्यांच्या धंद्याची होती. बाजाराच्या तोंडाशी बसून त्या फुटक्या बादल्या, टब, पिंपं सांधायच्या. चिरेवर प्लास्टिकची पट्टी ठेवायची, तापलेली सळई फिरवायची, दोन्ही वितळून एकजीव झालं की हात काढायचा. मग बादली पूर्ण गार होईपर्यंत गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायचं आणि गार झाली की त्याच्या डोळ्यांदेखत तिला सणसणीत लाथ मारायची. गिऱ्हाईक कळवळून म्हणायचं, अहो बाई, पाणी भरायची आहे ती, खेळायची नाही. ताई म्हणायच्या, फुटायची असेल तर इथेच फुटू दे. फुटली तर पुन्हा सांधून द्यायच्या, फुकट.

ती लाथ एका ठेकेदाराने पाहिली. पाण्याच्या लायनी टाकायची कामं घेणारा माणूस, पिंप सांधायला आला होता. म्हणाला, बादल्या कसल्या सांधता, पाइप जोडायला या. ह्या गेल्या. सहा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली फडकी धुतली, मशीन पुसलं, पाइप उचलले. मग जोडणीच्या परीक्षेला बसल्या. पहिल्या खेपेला लेखी पेपरात आडव्या झाल्या, दुसऱ्या खेपेला पास. त्या दिवशी त्यांना कार्ड मिळालं. गळ्यात अडकवायचं, फोटोवालं. फोटोत त्या पकडलेल्या चोरासारख्या दिसतात, पण ते कार्ड गळ्यात आलं तेव्हा त्या आरशासमोर पाव तास उभ्या होत्या, हे मी दाराच्या फटीतून पाहिलंय. पाइपच्या जोडाखाली सही करायचा हक्क फक्त कार्डवाल्याला. बाकीचे सगळे हमाल. त्या वेळी आसपासच्या सगळ्या कामांवर कार्डवाली बाई एकच होती, आणि ती आमच्या घरात माझ्या मिठाला नावं ठेवत होती.

त्यांची आधीची मदतनीस लग्न करून गेली तेव्हा मला म्हणाल्या, दिवसभर घरात पुसतेसच ना, तेच तिकडे येऊन पूस, पगार मिळेल. मला राग आला आणि मी गेले.

आता थोडं काम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मोठा काळा प्लास्टिकचा पाइप असतो, आत लहान पोर रांगत जाईल एवढा. दोन पाइप मशीनच्या क्लॅम्पमध्ये समोरासमोर धरायचे. रंध्याने दोघांची तोंडं तासून सपाट करायची. तासल्यावर त्या तोंडाला बोट लावायचं नाही, बोटाचं तेलसुद्धा जोड बिघडवतं. मग मध्ये तापलेली गोल प्लेट घालायची, आम्ही तिला तवाच म्हणतो, आणि दोन्ही तोंडं त्यावर टेकवायची. प्लास्टिक वितळून कडेला बारीक वळ आला की दाब सोडायचा आणि नुसतं तापत ठेवायचं. ठरलेला वेळ भरला की तवा झटकन काढायचा आणि तोंडाला तोंड भिडवायचं. ह्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सेकंद मिळतात. मग काट्यावरचा दाब धरून गार होऊ द्यायचं. घाई करून क्लॅम्प उघडला, पाणी मारून गार केलं, की जोड गेला. जोडाभोवती मऊ गोट येतो, शिवणकामात कापडाला लावतात तसा. बाहेरून दिसतो तो गोटच. आत काय झालंय ते जोड कापल्याशिवाय देवालाही कळत नाही.

म्हणून ताईंची एक रीत होती. रोज सकाळी कामाला हात घालण्याआधी दोन उरलेले तुकडे घ्यायचे, जोडायचे, गार झाले की तो जोड कापून त्याच्या पट्ट्या काढायच्या आणि पट्ट्या शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीच्या जबड्यात, धरून दुमडायच्या. पट्टी वाकली, ताणली, पांढरी पडली पण तुटली नाही, तर दिवस सुरू. ठेकेदार म्हणायचा, रोजचा एक तास तुम्ही मातीत घालता. ताई त्याच्याकडे बघायच्याही नाहीत.

तर त्या वर्षी काम होतं नदीखालचं. पलीकडच्या काठावरच्या वस्तीला टँकरने पाणी जायचं. नदीच्या तळाखालून बोगद्यासारखं भोक पाडायचं आणि अलीकडे जोडून ठेवलेली अख्खी पाइपची लांबड त्यातून पलीकडे ओढायची. चोवीस पाइप, तेवीस जोड. एकदा नदीखाली गेली की संपलं, पुन्हा बघायला कोण जाणार. भोक पाडणारं मशीन भाड्याचं, ओढायचा दिवस सोमवार, मागेपुढे व्हायला जागा नव्हती.

आता माझी करणी. लांबडीच्या पलीकडच्या तोंडाला, म्हणजे आमच्यापासून दूरच्या टोकाला, ताई दोन पोती बांधायला लावायच्या. कळकट, चिखलाने माखलेली, कुबट वासाची. मला वाटायचं, आत कुत्री-मांजरं, बेडूक जाऊ नयेत म्हणून. कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला घाण सहन होत नाही, हा माझा जुना रोग. बुधवारी सकाळी मी ती पोती सोडली, घरी नेली, दोन पाण्यांत धुतली आणि दोरीवर टाकली. जाड पोती, लवकर वाळेनात. शिवाय मी मनात म्हटलं, बेडूक काही रोज येत नाहीत. बुधवार गेला, गुरुवार गेला.

शुक्रवारी दुपारी ताई तव्यापाशी उभ्या होत्या आणि पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होत्या. मला म्हणाल्या, वळ यायला उशीर का लागतोय? तापमान तपासलं, बरोबर. तवा पुसला, स्वच्छ. जोड झाला, गोट आला, दिसायला छान. ठेकेदार म्हणाला, झकास. ताई जोडाभोवती तीनदा फिरल्या आणि करवत मागितली.

ठेकेदाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांगला जोड कापता? ताईंनी कापला. पट्टी काढली, शेगड्यात धरली, वाकवली. पट्टी वाकलीच नाही. जोडावर टचकन तुटली, शिळ्या बिस्किटासारखी. तुटलेली तोंडं गुळगुळीत होती, जणू कधी एकमेकांना भेटलीच नव्हती.

ताईंनी तो तुकडा खिशात टाकला आणि लांबडीच्या कडेने पलीकडच्या टोकापर्यंत चालत गेल्या. मी मागोमाग. तोंड उघडं होतं. दुपारचा वारा नदीवरून येत होता आणि सरळ पाइपात घुसत होता. आमच्याकडच्या टोकाला तो बाहेर पडत होता, नेमका तापलेल्या तोंडांवर. मागाहून मी तिथे हात धरला तर तळव्याला गार झुळूक लागली. म्हणजे पोती बेडकांसाठी नव्हती, वाऱ्यासाठी होती. परत येताना ताई एवढंच म्हणाल्या की वितळलेला थर पातळ राहिला, दाब दिला की होता नव्हता तो सगळा बाहेर गोटात गेला, आत राहिली दोन थंड तोंडं. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, असं आपण म्हणतो, पण म्हणणं वेगळं आणि तुटलेली पट्टी हातात धरणं वेगळं.

वारा सुटायचा दुपारनंतर. सकाळी पानही हलायचं नाही. म्हणजे ताईंची ती सकाळची पट्टी तिन्ही दिवस वाकली आणि तिन्ही दुपारी आम्ही तिच्या भरवशावर फसलो. चार, चार आणि तीन. अकरा जोड. त्यातला एक कापून झाला होता, दहा उरले होते.

संध्याकाळी घरी आलो तर पोती दोरीवर. धुऊन कशी स्वच्छ झाली होती. ताई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या, मग खाली काढली, घडी घातली आणि आपल्या पिशवीत ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तोंड उघडलं नाही. एरवी घरात माझं तोंड मिटत नाही, ह्यांना विचारा. मी भित्री आहे, हे मला त्या दिवशी कळलं आणि मला माझी लाज वाटली.

शनिवारी सकाळी ताईंनी आधी पोती बांधली, मग खडू घेऊन दहा जोडांवर फुल्या मारल्या. ठेकेदार धावत आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. पाण्याचा दाब देऊन चाचणी होणारच आहे, त्यात हे जोड पास होतील. आणि ते खोटं नव्हतं. असा जोड चाचणीच्या दिवशी पाणी धरतो. चार-पाच वर्षांनी जमीन थोडी हलते, पाइप ताणला जातो, आणि मग तो उघडतो. तेव्हा नदीखाली कोण उतरणार? ठेकेदार म्हणाला, तेव्हाचं तेव्हा बघू. मग आवाज खाली आणून म्हणाला, बाई, एका लायनीवर दहा जोड कापले तर लिहून द्यावं लागतं. नियम माहीत आहे ना? तुमचं कार्ड जाईल. वर्षभर परीक्षेलाही बसू देत नाहीत.

मला नियम माहीत नव्हता. ताईंना होता. त्या म्हणाल्या, "तपासणीच्या साहेबांना मी सकाळीच फोन केलाय. उद्या चारला येतील. तोवर हे दहा कापून, सगळे नव्याने जोडून व्हायला पाहिजेत. तू करवत धरतोस की मी धरू?"

ठेकेदाराने कपाळावर हात मारला. पण करवत त्यानेच धरली, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. शिव्या देत धरली, पण धरली.

दोन दिवस आम्ही जे राबलो ते मला जन्मभर पुरेल. एकेका जोडाला तासभर. कापलं की पाइप हातभर कमी व्हायचा, म्हणून शेवटी एक जास्तीचा तुकडाही लावावा लागला, तेवीसचे चोवीस जोड झाले. मी फडकं घेऊन तवा पुसायचे, तोंडं पुसायचे आणि दर जोडाआधी लांबडीच्या टोकापर्यंत पळत जाऊन पोती बघून यायचे, कुणी सांगितलं नव्हतं तरी. मशीनभोवती ताडपत्रीचा आडोसा केला. आणि ताईंनी आपली रीत बदलली: एक पट्टी सकाळी, एक ऐन वाऱ्यात. शनिवारची दुपारची पट्टी मीच शेगड्यात धरली आणि दुमडली. वाकली. ताणली, पांढरी पडली, तुटली नाही. ठेकेदारही खाली वाकून बघत होता. तो म्हणाला, चला, उठा, बघत काय बसलात.

गार व्हायला ठेवलेल्या जोडाशेजारी आम्ही बसायचो तेव्हा बोलायला पुष्कळ वेळ होता. मी दोनदा घसा खाकरला. दोन्ही वेळा ताई म्हणाल्या, काट्याकडे लक्ष दे.

रविवारी साडेतीनला शेवटचा जोड गार झाला. चारला तपासणीचे साहेब आले. शांत माणूस, चष्मा कपाळावर. सगळे नवे जोड पाहिले, जुने कापलेले तुकडे पाहिले, तुटलेली पट्टी उन्हात धरून पाहिली. मग गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहायला लागले. त्यांना ताईंबद्दल आदर होता, ते दिसत होतं. म्हणाले, कारण काय लिहू? अचानक सुटलेला वारा, असं लिहितो. निसर्गाला कोण काय करणार. मग कुणाच्या कार्डाचा प्रश्न येत नाही.

ताई म्हणाल्या, वारा अचानक नव्हता, तो रोज येतो. पाइपाचं तोंड उघडं होतं, तसं लिहा.

साहेबांनी पेन थांबवलं. तोंड कुणी उघडं ठेवलं?

आता गप्प बसले असते तर मेल्याहून मेले असते. मी पुढे झाले आणि सांगून टाकलं, पोती मी काढली, धुवायला नेली, ताईंना विचारलं नाही. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग ताईंकडे, आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. म्हणाले, हे तर सोपं झालं. मदतनिसाची चूक, असं लिहितो. ह्या बाई कामावरून कमी होतील. तुमचं कार्ड राहील.

मला ते पटलं. खरंच पटलं. माझं काय, फडकं मी घरीही मारू शकते. मी म्हटलं, साहेब, लिहा, मी सही करते. पेन हातात घेतलंही.

ताईंनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं. म्हणाल्या, "पोती कशासाठी असतात हे मी तिला कधी सांगितलं नाही. सांगायचं काम माझं होतं. टोकाला जाऊन बघायचं कामही माझं. आणि वारा झोपलेला असताना पट्टी वाकवून मी दुपारचे जोड पास केले, ती अक्कलही माझीच. त्या अकरा जोडांखाली सही कुणाची आहे, साहेब?"

साहेब म्हणाले, तुमची.

"मग तिथेच लिहा."

ताईंनी पेन साहेबांपुढे धरलं. ठेकेदार नदीकडे तोंड करून उभा होता. शेवटी साहेबांनी लिहिलं, ताईंनी वाचून घेतलं, एका शब्दाची दुरुस्ती सांगितली आणि सही केली. मग गळ्यातलं कार्ड काढलं. दोरी केसांत अडकली, ती मी सोडवली. मला तेवढंच करता आलं.

सोमवारी लांबड नदीखालून गेली. मशीन दिवसभर ओढत होतं आणि चोवीस जोड एकामागून एक मातीत उतरले. संध्याकाळपर्यंत पलीकडे टोक निघालं. दुसऱ्या दिवशी पाणी भरून दाब दिला, काटा जागचा हलला नाही. त्या चाचणीच्या कागदावर जोडणाऱ्याची सही दुसऱ्या साइटवरून बोलावलेल्या मिशीवाल्याने केली, कारण कार्ड त्याच्याकडे होतं. त्याने एकही जोड केला नव्हता. त्यालाही बिचाऱ्याला अवघडल्यासारखं झालं, सही करून तो तिथून सटकला. पुढची लायन आता तोच जोडणार होता.

त्या संध्याकाळी घरी मी ह्यांना सगळं सांगितलं. हे मला बोलतील असं वाटलं होतं, पण हे उठून ताईंच्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी ओट्यापाशी उभी राहून रडत होते. माझ्यामुळे एका बाईचं नाव गेलं होतं, आणि तिने मला एक वाकडा शब्दही ऐकवला नव्हता. सोळा वर्षं मी त्यांना कडू म्हणत आले.

ताई पाणी प्यायला आत आल्या. मला बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. पेला विसळून पालथा घातला.

"ऐक," त्या म्हणाल्या, "उद्या मला अर्धा तास आधी उठव. मिशीवाल्याच्या हाताखाली पहिला दिवस आहे. मदतनिसाने जोडाऱ्याच्या आधी पोचायला पाहिजे."